आमची वाटचाल: पातळ पट्टी, पक्का कोपरा

आमच्या सिगारच्या लाकडी पेटीचं झाकण दोन बोटांनी उचला आणि सोडून द्या. ते आपटत नाही. आतली हवा बाहेर पडेपर्यंत हळूहळू खाली येतं आणि शेवटी ‘फुस्स’ करून बसतं. तेवढ्या एका आवाजासाठी माझी सात-आठ वर्षं गेली. आज तोच आवाज काढणाऱ्या पेट्या दुसऱ्याच्या नावाने विकल्या जातात. पण ते पुढे येईल.

बाबांचं काम संत्र्याच्या पेट्यांचं. नागपूरच्या लकडगंजात आरामशीनच्या मागे टिनाची शेड होती. आंबिया बहार ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आणि मृगाचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये, एवढेच आमचे दोन सण. लाकूड कसलंही असो, पट्ट्या पातळच लागत. पेटी जड झाली तर व्यापारी ओरडणार, कारण भाडं वजनावर. म्हणून जोर सगळा कोपऱ्यांत. चारही कोपऱ्यांना आतून तिकोनी खुंट्या, आणि खिळा नेहमी पट्टीतून खुंटीत. बाबा म्हणायचे, “पट्टी तुटली तर पट्टी बदलता येते, कोपरा सुटला तर संत्री रस्त्यावर.” नंतर खोके आले, प्लॅस्टिकचे क्रेट आले, कळमन्याच्या बाजारात माल ट्रकमध्ये मोकळाच येऊ लागला, आणि आमच्या पेट्या लोकांनी चुलीत घातल्या. यात कुणाचा दोष नाही. खोका स्वस्त होता.

मी 1994 मध्ये शेडवर बसायला लागलो तेव्हा कामच नव्हतं. बेकरीचे ट्रे केले, शाळांच्या पट्ट्या केल्या, एका मिठाईवाल्यासाठी संत्राबर्फीच्या लहान लाकडी पेट्या केल्या. त्या पेट्यांच्या तळाला आमचा फोन नंबर छापलेला असायचा. माझा धंद्यातला भागीदार म्हणाला होता की तळ कोण पाहतो.

अण्णांनी पाहिला. तमिळनाडूतल्या दिंडीगुलकडचे हे गृहस्थ घरच्या घरी माणसं बसवून चिरूट, म्हणजे देशी सिगार, वळून घेत. तो धंदा त्या भागात आणि तिरुचिरापल्लीकडे इंग्रजांच्या काळापासून आहे, तिथला चिरूट चर्चिलही ओढायचे असं सांगतात. 2006 मध्ये दिल्लीहून परतताना त्यांची गाडी नागपूर स्टेशनावर अडकली. त्यांनी बर्फी घेतली, खाल्ली, रिकामी पेटी उलटी केली आणि स्टेशनबाहेरच्या एसटीडीवरून मला फोन लावला. दोन तासांत माणूस शेडवर हजर. मराठी येत नाही, हिंदी तोडकीमोडकी, पण लाकडावरून हात फिरवायची पद्धत अशी की आमचे मिस्त्री लगेच चहा सांगायला उठले.

त्यांना वीस चिरुटांची पेटी हवी होती. मी पहिला नमुना केला सागाचा, नऊ मिलिमीटर जाड, पितळी बिजागऱ्या, बाहेरून लाखेचं पॉलिश. माझ्या मते ती पेटी म्हणजे दागिना. आठवड्याने फोन आला, “साब, तुम बॉक्स बनाया कि बंगला बनाया?” रिकाम्या पेटीचं वजन पावणेसहाशे ग्रॅम. आतल्या मालापेक्षा पेटी जड. शिवाय सागाच्या तेलाचा वास चिरुटात उतरला होता, ते वेगळंच.

तेव्हापासून मी सिगारच्या पेटीचा अभ्यास धरला. मी स्वतः बिडीसुद्धा ओढलेली नाही. आई शेवटपर्यंत पाहुण्यांना ‘मुलगा डबे करतो’ एवढंच सांगायची. क्युबाकडे पेट्यांना जे लाकूड लावतात त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण ते सीडर नाही आणि देवदारही नाही. ते महोगनीच्या कुळातलं झाड. आपला कडुनिंब त्याच कुळातला, आणि तून नावाचं झाडसुद्धा. तून हलकं, फिकट तांबूस, वास मंद गोडसर, आणि वजनाला सागाच्या तीन चतुर्थांश. आपल्याकडे चहाच्या आणि सिगारच्या पेट्यांना ते पूर्वीपासून लावत आलेत, मी काही शोध लावला नाही. लकडगंजात तून मागितलं की दुकानदार आधी तुमच्याकडे पाहतो, मग गोदामाच्या मागे जातो. आतून पॉलिश, व्हार्निश काहीही लावायचं नाही. कोरं लाकूड श्वास घेतं.

भिंती पाच मिलिमीटर, झाकण पाच, तळ चार मिलिमीटर प्लायचा आणि त्यावर तूनचं अस्तर. हलकी झाली, पण तळ सुटायचा. पाच मिलिमीटरच्या कडेला गोंद धरून धरून किती धरणार? एका रात्री मी टेबलावर चिरूट ठेवून बघत बसलो होतो. चिरूट गोल, पेटीचा कोपरा काटकोनी. गोल वस्तू कोपऱ्यात कधीच पोचत नाही. वीस मिलिमीटरचा चिरूट कोपऱ्याला टेकवला तर त्याच्या पाठीमागे, कर्णाच्या रेषेत, चार मिलिमीटर जागा रिकामी राहते. म्हणजे पाच बाय पाचची तिकोनी पट्टी तिथे अलगद बसते आणि चिरुटाला तिचा पत्ताही लागत नाही. बाबांच्या संत्र्याच्या पेटीतली खुंटी मी आडवी केली, बस. चिरुटांना समांतर असलेल्या दोन भिंतींच्या पायथ्याशी ही पट्टी गेली आणि गोंदाची जागा दुप्पट झाली. पेटी भरली सव्वादोनशे ग्रॅम. अण्णा पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांनी ती जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. ऐंशी किलोचा माणूस, धोतर सावरून, पेटीवर बसून पूर्ण कप चहा प्याला. मिस्त्री मात्र उभेच राहिले.

2006 ते 2013 बरं चाललं.

2013 च्या जूनमध्ये दिल्लीच्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली. तीन हजार पेट्या, दिवाळीच्या भेटींसाठी, माल 15 सप्टेंबरला निघायला हवा. एवढी मोठी ऑर्डर आम्ही पाहिली नव्हती. भागीदाराने ती आणली हे मी मान्य करतो, बोलण्यात तो माझ्यापेक्षा शंभर पटीने सरस. लाकूडही त्यानेच घेतलं. त्या वर्षी विदर्भात पाऊस किती झाला हे सांगायला नको. उघड्या ट्रकमधून तून आलं, वर ताडपत्रीसुद्धा धड नव्हती.

आमच्या मिस्त्रींकडे लाकडातला ओलावा मोजायचा मीटर नव्हता. ते फळी उभी धरायचे आणि बोटाच्या पेराने ठोकायचे. सुकं लाकूड टणकन बोलतं. त्या दिवशी त्यांनी दहा-बारा फळ्या ठोकल्या आणि म्हणाले, “भाऊ, हे लाकूड अजून बोलून नाही राहिलं.” मी एका ओळखीच्यांकडून मॉइश्चर मीटर आणला. अठरा टक्के.

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण नवीन पोरं इथेच मरतात. सिगार ठेवायची हवा म्हणजे 65 ते 70 टक्के आर्द्रता. त्या हवेत लाकडात बारा-तेरा टक्के पाणी स्थिरावतं. म्हणून पेटी बाराच्या आसपास असलेल्या लाकडाचीच करायची. नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर ठेवलेलं लाकूड पार पाच-सहापर्यंत खाली जातं. त्याची पेटी केली तर गिऱ्हाइकाकडे फुगते आणि झाकण अडकतं. ऑगस्टमधलं अठराचं लाकूड वापरलं तर ती आकसते आणि सांधे उघडतात. नागपुरात बसून हा धंदा करणं म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. आता आमच्याकडे बंद खोली आहे. मे महिन्यात तिथे कूलर चालतो. लोक माणसांसाठी कूलर लावतात, आम्ही फळ्यांसाठी. आणि हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा मीटर) घेतलात तर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी टाकून रबडी करा, मीटरसोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 दाखवायला हवं. आमच्या पहिल्या मीटरने 68 दाखवलं होतं, म्हणजे दोन वर्षं आम्ही खोट्या आकड्यावर चाललो होतो.

तर अठरा टक्के. मी म्हटलं, तीन आठवडे थांबू, व्यापाऱ्याला फोन करतो. भागीदार म्हणाला, “काहून टेन्शन घेऊन राहिला बे? पेटीला मीटर लावून कोण पाहते?” मी थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. पंचवीस टक्के ॲडव्हान्स खर्च झाला होता आणि शेडमध्ये अकरा जण रोजावर होते.

पेट्या वेळेवर गेल्या. फोटो काढले, पेढे वाटले. डिसेंबरमध्ये पहिला फोन आला, जानेवारीत ट्रक. निम्म्याहून जास्त माल परत. शेडच्या दारात मी पहिलं बंडल उघडलं. झाकणाची 140 मिलिमीटरची फळी जवळजवळ दोन मिलिमीटर आकसली होती. कोपऱ्यातल्या फिंगर सांध्यांची बोटं एकमेकांपासून सुटून उभी होती, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी. मात्र तिकोनी पट्टी होती तिथे तळ एकाही पेटीचा सुटला नव्हता. हे मी त्या व्यापाऱ्याला सांगायला गेलो तर त्याने फोनच ठेवला. उरलेले पैसे आलेच नाहीत.

फेब्रुवारीत भागीदाराने हिशेब मागितला. कर्जाचा अर्धा वाटा त्याच्याही नावावर होता, पण तो कागदावर नव्हता, बोलण्यात होता. (कागद करा. सख्खा भाऊ असला तरी कागद करा.) तो गेला तेव्हा गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला आणि तिकोनी पट्टी कापायचा लाकडी फर्माही. वहीचं मला काही वाटत नाही, नंबर पुन्हा मिळतात. तो फर्मा मिस्त्रींनी सागाच्या तुकड्यातून चार दिवस बसून काढला होता. पंचेचाळीस अंशांत केसाचाही फरक नव्हता.

सहा महिन्यांत त्याचा कारखाना उभा राहिला. एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेली फळी), लेझर कटिंग, वर लाकडाच्या रेघांचा कागद. मी चारशे दहाला पेटी द्यायचो, तो एकशे सत्तरला देऊ लागला. एमडीएफला फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाचा वास असतो. बंद पेटीत तो वास तंबाखूत जातो, आणि सिगार ओढणाऱ्याला पहिल्याच झुरक्यात कळतं. पण पेटी विकत घेणारा आणि सिगार ओढणारा एकच माणूस नसतो, हे भागीदाराला माझ्या आधी कळलं. एका व्यापारी मंडळाने त्याला ‘नावीन्यपूर्ण रचने’चं पारितोषिक दिलं. स्टेजवर मागच्या पडद्यावर पेटी उघडी करून दाखवली होती. तळाला तिकोनी पट्टी. आमंत्रण मलाही होतं. गेलो, जेवलो, परत आलो.

त्या वर्षी मी रंधा मशीन विकलं. ज्याने घेतलं त्याच्याच शेडमध्ये रात्री नऊ ते दोन मी पाच महिने भाड्याने माझ्याच मशीनवर काम केलं. पाती बदलायची वेळ आली की तो मला विचारायचा, कारण त्याला जमत नव्हतं.

अण्णांना मी काही कळवलं नव्हतं. त्यांना बहुधा भागीदाराचं नवं दरपत्रक मिळालं असावं. एक दिवस बँकेत चारशे पेट्यांचे पूर्ण पैसे जमा झाले, आणि संध्याकाळी फोन. “लकडी को टाइम दो. मेरे को जल्दी नहीं.” मी विचारलं, तिकडची पेटी निम्म्या किमतीत मिळते, मग? ते म्हणाले, “उस पे बैठा था. टूट गया.” पुढे ते हसले की खोकले ते मला कळलं नाही.

नंतरचं थोडक्यात. 1 एप्रिल 2016 पासून तंबाखूच्या पाकिटावर 85 टक्के जागेत धोक्याचं चित्र आणि इशारा आला. तून कितीही रंधा, वर ते चित्रच दिसणार. ते असायला हवं, माझी तक्रार नाही. फक्त मिस्त्री झाकणाला पॉलिश करताना म्हणाले, “आता कोणासाठी घासू?” आणि घासत राहिले. 2019 मध्ये अण्णांचा परदेशी माल बंदरावर अडकला. पेट्यांवर लाकूड भट्टीत तापवल्याचा शिक्का नाही म्हणून. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे, आयएसपीएम 15 म्हणतात त्याला, सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाला तो शिक्का लागतच नाही, प्लायलाही नाही. आमची भिंत पाचची. नियमाचा कागद पाठवल्यावर माल सुटला. नऊ मिलिमीटरचा बंगला असता तर कदाचित तिथेच बसला असता.

लॉकडाऊनमध्ये मिस्त्री गावी गेले ते परत आले नाहीत. गुडघे गेले. त्यांचा मुलगा येतो, पण तो ठोकून ऐकत नाही, मीटरच लावतो. आकडा बरोबर येतो.

अण्णांचा धंदा आता त्यांची मुलगी बघते. मागच्या महिन्यात तिने कळवलं की नवा चिरूट 54 रिंग गेजचा आहे. रिंग गेज म्हणजे चिरुटाची जाडी. एक गेज इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे 54 गेज साधारण 21.4 मिलिमीटर. दहा चिरूट शेजारी ठेवले की जुन्या पन्नास गेजच्या पेटीपेक्षा सोळा मिलिमीटर रुंदी वाढते. मी तिला म्हटलं, “अक्का, आकडा नको, दहा चिरूट पाठवा.” हाताने वळलेला माल कागदावरच्या आकड्याइतका कधीच नसतो. ते काल आले. सकाळपासून व्हर्नियर घेऊन बसलोय. सात मोजून झाले, सातवा 21.9 भरलाय. पट्टीही आता थोडी मोठी चालेल, पण तिचा फर्मा नव्याने काढावा लागेल.