आठ अँपिअरचा पांढरा फ्यूज

पासिंगची तारीख बारा दिवसांवर आली होती आणि गाडीचे पार्किंग लाइट टिकत नव्हते. लागायचे सगळे. पुढचे, मागचे, नंबरप्लेटचा, मीटरमागचा तो मिणमिणता पिवळा उजेडसुद्धा. पण गल्लीच्या तोंडावरच्या गतिरोधकावरून गाडी उतरली की टप्प! हेडलाइट शाबूत, हॉर्न शाबूत, इंजिनाला तर काही घडल्याचा पत्ताच नाही. फक्त मागून येणाऱ्याला आमची गाडी दिसत नाही, एवढंच.

गाडी प्रीमियर पद्मिनी, 1984 ची. बाबांनी नवी घेतलेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून उतरली, तेव्हा त्या बातमीचं कात्रण बाबांनी आमच्या गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात घालून ठेवलं. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत होती. खाजगी गाडीचं तसं नाही, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन दाखवायची, पास झाली की पुढची पाच वर्षं आपली. पण दाखवायची म्हणजे दिवे लागले पाहिजेत.

आधी मी गाडी वायरिंगवाल्याकडे नेली. त्यानं फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं, उडालेला पांढरा फ्यूज उपटला, तांबडा बसवला आणि म्हणाला, "काय होत न्हाई, चालवा बिनघोर." पाच मिनिटं, पन्नास रुपये.

ज्यांनी हे जुने फ्यूज पाहिले नसतील त्यांच्यासाठी: हल्लीच्या गाड्यांत प्लॅस्टिकचे चपटे, दोन पायांचे फ्यूज असतात. आमच्या गाडीत चिनीमातीचे, दोन्ही टोकांना निमुळते, बोटाच्या पेराएवढे. अंगावरून धातूची एक पातळ पट्टी उघडीच गेलेली. पांढरा आठ अँपिअरचा, तांबडा सोळाचा; त्याहून जास्त करंट गेला की पट्टी वितळते आणि लाइन तुटते. म्हणजे त्या गृहस्थानं दुखणं बघितलंच नव्हतं, नुसती सहनशक्ती दुप्पट केली होती.

तिसऱ्या दिवशी मिरजेहून येताना वास आला. कुणीतरी रस्त्याकडेला प्लॅस्टिक जाळतंय असं वाटून मी काच वर केली. वास वाढला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. गाडी बाजूला घेतली, दिव्यांचं बटण बंद केलं, बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली आणि पंधरा मिनिटं नुसता उभा राहिलो. फ्यूज बॉक्समागच्या एका वायरीला हात लावला तर कोमट नव्हे, चांगली गरम. तांबडा फ्यूज मात्र धडधाकट. त्याच्याऐवजी वायर जळायला निघाली होती.

त्या रात्री हिशेब मांडला. पुढचे दोन दिवे पाच-पाच वॅटचे, मागचे दोन पाच-पाचचे, नंबरप्लेटचा पाच, मीटरमागचे तीन बारके मिळून नऊ धरू. एकूण 34 वॅट. बारा व्होल्टनं भागलं तर तीन अँपिअरसुद्धा होत नाहीत. आठचा फ्यूज यावर सुखानं म्हातारा व्हायला हवा. तो उडतो म्हणजे कुठेतरी तार गाडीच्या पत्र्याच्या बॉडीला टेकून शॉर्ट होतेय. आणि पूर्ण टेकत नसून घासतेय, तेही धक्का बसला की. पूर्ण टेकली असती तर तांबडाही लगेच उडाला असता.

बाबांना सांगितलं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गाडी आता चालवत नाहीत पण मालकी सोडलेली नाही. म्हणाले, "एवढं काय त्यात? सत्त्याऐंशी साली पंढरपूरच्या वाटेवर फ्यूज गेला होता. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली आणि घरापर्यंत आलो."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सिगारेटचं पाकीट कुठून आलं?"

बाबांनी पेपर उघडला.

(ती चांदी गुंडाळायची युक्ती अजून चालते, गाडी जाळायलाही. तिला अँपिअर वगैरे काही नसतात.)

रविवारी अंगणात गाडी घेतली. पांढरे फ्यूज सांगलीत शोधून मिळाले नव्हते, पुण्याहून येणाऱ्या मावसभावाला नाना पेठेतून दहा आणायला सांगितले होते. पैकी चार मी सकाळीच उडवून बसलो. एक घालायचा, एक वायर हलवायची, फट्. पुन्हा एक. असं करत दहाचे दहा संपले असते आणि कळलं काहीच नसतं. फ्यूज उडाला की त्याच क्षणी पुरावाही जातो. काय हलवल्यावर उडाला, हे आठवेपर्यंत सगळं थंड.

म्हणून फ्यूजच्या जागी बल्ब लावला. ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकांना चिमटे, आणि ते चिमटे फ्यूज धरणाऱ्या दोन पट्ट्यांना. आता सगळा करंट या बल्बमधून जाणार. शॉर्ट झालाच तर बल्ब पूर्ण पेटेल आणि पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाऊ देणार नाही. वायर गरम होत नाही, फ्यूज खर्ची पडत नाही, आणि शॉर्ट जोवर आहे तोवर बल्ब पेटलेला राहतो. तार बॉडीपासून सुटली की विझतो.

पण आधी त्या लाइनीवरचे सगळे दिवे काढून घ्यावे लागतात, नाहीतर त्यांच्यातून करंट जाऊन आपला बल्ब उगीचच मंद पेटतो. मी पुढचे दोन, मागचे दोन, नंबरप्लेटचा एक असे पाच बल्ब काढून ओळीनं ओट्यावर ठेवले. बटण ओढलं. बल्ब मंद पेटला. म्हटलं, सापडलं! पुढचा पाऊण तास मी पुढच्या मडगार्डखाली डोकं घालून काढला, प्रत्येक जोड सोडवून बघितला, हाताला ग्रीस, मानेला रग. बल्ब आपला मंदच. मग बाबा खुर्चीतून म्हणाले, "मीटरमधले काढलेस का?"

नव्हते काढले. ते तीन बारके काढले, बल्ब गार. पाऊण तास पाण्यात.

आता खरी तपासणी. बाबांची खुर्ची बॉनेटसमोर मांडली. त्यांचं काम एकच, बल्बकडे बघत राहायचं. मी एकेक वायर, एकेक जोड हलवत मागे सरकत गेलो.

"आता?"

"नाही."

"आता?"

"नाही रे. तू काम कर, पेटला की मी सांगतो."

डॅशबोर्डखालचा गुंता हलवला, नाही. दाराच्या उंबऱ्यालगत जाणारी लांब वायर दाबून बघितली, नाही. मागच्या सीटमागची, नाही. कंटाळून डिकीत पाना टाकला आणि डिकी आपटली.

"पेटला! पेटला!"

डिकी उघडली. "विझला." पुन्हा आपटली. "पेटला." पाच-सहा वेळा केलं. मधल्या काळात आईही येऊन उभी राहिली होती.

डिकीचं झाकण ज्या बिजागरीवर फिरतं, तिच्या बाजूनं एक बारीक निळी वायर वर गेली होती. बाकीचं सगळं वायरिंग कापडी टेपमध्ये गुंडाळलेलं, ही एकटीच उघडी, मोकाट. टेललाइटच्या वायरीला मधेच सोलून, पिळून जोडलेली. वर टेपही नाही, कोरडी पडलेली चिकटपट्टी. पुढे ती झाकणाखालच्या एका छोट्या दिव्यापर्यंत जात होती. त्या दिव्यात बल्बच नव्हता. बिजागरीचा हात दर वेळी त्या वायरीवरून घासून घासून नखाएवढी जागा उघडी पडली होती. आत तांबं, तेही एका बाजूनं काळं पडलेलं. डिकी बंद असताना ती जागा बिजागरीपासून केसाएवढी लांब. खड्डा आला की चिकटायची.

"हा डिकीतला दिवा कुणी लावला?" मी विचारलं.

"कंपनीचाच असेल," बाबा म्हणाले.

"कंपनी पिळून चिकटपट्टी लावते?"

"तुम्हीच लावला होता," आई म्हणाली. "माझ्या माहेरून रात्री सामान आणताना लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा. टॉर्च कुठाय म्हणून माझ्यावरच ओरडलात आणि दुसऱ्या दिवशी बसलात दिवा लावत."

बाबा बल्बकडे बघत राहिले.

निळी वायर मुळापासून काढली. टेललाइटची वायर जिथे सोलली होती तिथे स्वच्छ करून डाग दिला (सोल्डर केलं), वर आकसणारी प्लॅस्टिकची स्लीव्ह चढवून गरम केली. मिरजेच्या वाटेवर गरम झालेली वायर तपासली तर फ्यूज बॉक्सजवळ वीतभर भाग कडक होऊन तडकलेला. तेवढा कापून त्याच जाडीचा नवा घातला. पांढरा फ्यूज बसवला, बॉनेटवर बुक्क्या मारल्या, गतिरोधकावरून चार फेऱ्या. टिकला.

तेवढ्यावर संपायला हवं होतं, पण संध्याकाळी बघतो तर उजवा टेललाइट निम्माच उजेड देतोय, आणि ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटरही अंधूक पेटतोय. हे भुताटकीसारखं दिसतं, पण कारण साधं असतं. दिव्यातून गेलेल्या करंटला बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट गंजलेली असली, की तो शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. व्होल्टमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी दिव्याच्या पत्र्याला, ब्रेक दाबायला आई. साडेतीन व्होल्ट दिसले. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. म्हणजे बारापैकी साडेतीन गंजच खात होता. दिव्याचा स्क्रू काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, थोडं ग्रीस लावून स्क्रू पुन्हा आवळला. मीटरवर 0.1. इंडिकेटरमधलं भूत गेलं.

त्याच पॉलिश पेपरनं मग फ्यूज बॉक्सच्या सगळ्या पट्ट्याही घासून घेतल्या. एक फ्यूज दिसायला चांगला, पण टोकाशी हिरवट बुरशी धरलेली. या जुन्या फ्यूजांचं ते एक नाटक असतं, उडालेले नसतात तरी करंट देत नाहीत. बोटानं जागच्या जागी फिरवला की चालू. वायपर अधूनमधून रुसायचा त्याचं मूळ तिथे होतं, आणि मी गेल्या पावसाळ्यात वायपरची मोटर खोलून बसलो होतो.

आरटीओत साहेबांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर एका दमात बघितले. डिकी उघडायला सांगितली नाही. पासिंग झालं.

आल्यावर बाबा म्हणाले, "आता तो दिवा परत लाव."

"कुठला?"

"डिकीतला. रात्री सामान दिसत नाही."

लावला. या वेळी बॅटरीपासून वेगळी लाइन, तिला बॅटरीजवळच स्वतःचा पाच अँपिअरचा फ्यूज, आणि बिजागरीपाशी वायरीला रबराची नळी. अंधार पडल्यावर बाबा काठी टेकत अंगणात गेले. डिकी उघडल्याचा आवाज आला, मग लावल्याचा, मग पुन्हा उघडल्याचा.