एकच पाचवी, अनेक आवृत्त्या: रीइश्यू पारखण्याचा माझा अनुभव

सांगलीत राहून वाद्यवृंदाच्या जुन्या रेकॉर्डिंगचा संग्रह करायचा, तर डिस्क न ऐकताच विकत घ्यावी लागते. मुंबईचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं आणि पुण्याच्या जुन्या बाजारात काय हाती लागेल याचा भरवसा नसतो. उरतं ते परदेशातून मागवणं. त्यामुळे कव्हरवरच्या चित्रापेक्षा कॅटलॉग नंबर महत्त्वाचा. एकाच वादनाच्या दोन डिस्क, म्हणजे मूळ आणि नंतर पुन्हा काढलेली (रीइश्यू), अगदी निराळ्या वाजू शकतात, आणि हा फरक नंबरवरूनच हुडकता येतो.

मी पारखायला घेतली ती बीथोव्हेनची पाचवी सिंफनी: संचालक कार्लोस क्लायबर, वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिक, डॉइच ग्रामोफोन या कंपनीसाठी १९७४ मध्ये केलेलं रेकॉर्डिंग. पहिल्या सीडीवर ही एकटीच होती, सुमारे ३३ मिनिटं. १९९५ च्या ‘ओरिजिनल्स’ मालिकेत (४४७ ४००-२) तिच्या जोडीला क्लायबरचीच १९७५-७६ ची सातवी सिंफनी आली. नंतर एसएसीडी, म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकावे साठवणारी डिस्क, निघाली (४७१ ६३०-२). मूळ वादन तेच. बदलतं ते पुढचं काम: मूळ टेप घेतली की तिची प्रत, टेपमशीनचं हेड नीट जुळवलं होतं का, खालचे-वरचे स्वर किती उचलले किंवा दाबले, खरखर किती काढली. यालाच मास्टरिंग म्हणतात. डिस्कचा प्रकार याच्यानंतर येतो.

पहिलं काम सीडी संगणकावर उतरवण्याचं. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम सिक्युअर मोडमध्ये (चुका तपासत) चालवून त्याचा लॉग, म्हणजे कामाची नोंद, जपून ठेवायचा. लॉगमध्ये प्रत्येक ट्रॅकचा पीक, म्हणजे आवाजाची सर्वोच्च पातळी, दिलेला असतो. दोन आवृत्त्यांचे सगळे पीक दशांशापर्यंत जुळले, तर मास्टरिंग बहुधा एकच असतं. खात्री हवी असेल तर ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये दोन्ही ट्रॅक एकाखाली एक घ्यावेत, सॅम्पलपर्यंत सरकवून जुळवावेत, एक इन्व्हर्ट (उलटा) करून दोन्ही मिक्स करावेत. पूर्ण शांतता आली, तर नव्या कव्हरमध्ये जुनाच माल आहे. हायब्रिड एसएसीडीत सीडीचा आणि एसएसीडीचा असे दोन थर असतात, त्यातला सीडीचा थरच संगणकाच्या ड्राइव्हला वाचता येतो. दुसरा थर ऐकायला एसएसीडी प्लेअर लागतो.

१९८० च्या दशकातल्या काही सीडींमध्ये प्री-एम्फसिस असतो. रेकॉर्ड करताना वरचे स्वर वाढवलेले असतात, १० किलोहर्ट्झला सुमारे साडेसात डेसिबल, आणि प्लेअर ते वाजवताना खाली आणतो. संगणकावर उतरवलेल्या फाइलमध्ये ही दुरुस्ती आपोआप होत नाही. मग व्हायोलिन टोचायला लागतात आणि चांगल्या डिस्कवर कर्कशपणाचा शिक्का बसतो. अशा फाइलवर सॉक्स या प्रोग्रॅमचा डीएम्फ फिल्टर चालवल्याशिवाय तुलना करू नये.

मग आवाज सारखा करायचा. ही पायरी गाळली तर बाकी सगळी मेहनत फुकट जाते. एका डेसिबलने मोठी वाजणारी प्रत कानाला ‘जास्त जिवंत’ वाटते, त्यात रीइश्यूचं कर्तृत्व काही नसतं. दोन्हीकडून तेच तीस सेकंद घ्यायचे, त्यांचा आरएमएस (आवाजाची सरासरी पातळी) मोजायचा आणि ०.१ डेसिबलच्या आत आणायचा. नंतर फूबार२००० या प्लेअरमधली एबीएक्स चाचणी: समोर वाजतेय ती दोहोंपैकी कोणती प्रत, हे न पाहता ओळखायचं. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलं, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी उरते. पंखा बंद हवा, कारण टेपची खरखर आणि पंख्याची घरघर एकमेकींत मिसळतात. म्हणून आमच्याकडे बारकाईने ऐकण्याचे दिवस म्हणजे दिवाळीनंतरचे. शहाबादी फरशी आणि स्लॅबच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे स्पीकरपेक्षा हेडफोनवर निकाल लावणं बरं.

सगळी सिंफनी पुन्हापुन्हा ऐकायची गरज नाही. पहिला भाग: सुरुवातीच्या चार स्वरांतला शेवटचा, लांबवलेला स्वर आणि त्यामागची शांतता. सभागृहाची आस, म्हणजे स्वर थांबल्यावर रेंगाळणारा नाद, तिथे उघडी पडते. ती कापल्यासारखी थांबत असेल, तर खरखर काढताना हवाही काढली आहे. तिसऱ्या भागाचा ट्रायो, म्हणजे त्याचा मधला तुकडा: चेलो आणि डबल बास एकटेच धावत सुटतात, तिथे प्रत्येक स्वर वेगळा ऐकू यायला हवा, नुसता गडगडाट नको.

पण खरी कसोटी तिसऱ्या भागातून चौथ्यात नेणारा पूल. सुमारे ५० बार (आवर्तनासारखे तालाचे तुकडे), तंतुवाद्यांनी धरलेला ए-फ्लॅट आणि त्याखाली टिंपनीचे (नगाऱ्यासारख्या वाद्याचे) अगदी हलके ठोके, सी वर. खरखर जास्त काढलेली असेल, तर ठोक्याची कातडी आणि त्यामागची गुंज नाहीशी होऊन कोरडा धक्का उरतो. शिवाय शांततेत खरखर गायब आणि व्हायोलिन वाढले की पुन्हा हजर, हेही इथेच कळतं. पुढे चौथ्या भागाच्या पहिल्या सुरावटीला ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबासून या सिंफनीत प्रथमच वाजतात. पूल आणि ही सुरावट यांच्यातला फरक डेसिबलमध्ये मोजावा. ज्या आवृत्तीत तो कमी भरतो, तिथे चढउतार दाबले आहेत. या जागेचं सगळं सौंदर्य त्या अंतरात आहे, म्हणून इथे मी तडजोड करत नाही.

स्वराची उंचीही तपासावी. चौथा भाग सी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी एक. इलेक्ट्रॉनिक तानपुरा तिथे लावला की व्हिएन्नाचा वाद्यवृंद किंचित चढा जाणवतो. ए स्वर ४४३ हर्ट्झला लावलेला वाद्यवृंद नेहमीच्या ४४० पेक्षा सुमारे १२ सेंट वर असतो (लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट). तो दोष नव्हे. मात्र दोन आवृत्त्यांत आपापसात फरक निघाला, तर टेपचा वेग चुकला आहे. एक टक्का वेग म्हणजे सुमारे १७ सेंट, आणि ४० मिनिटांच्या सिंफनीत जवळपास २४ सेकंद. मिरजेत तंबोरे जुळवणाऱ्या कानाला हा फरक लगेच कळेल. बाकीच्यांनी पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंतचा वेळ मोजावा.

माझ्या कानाचा निकाल असा: ‘ओरिजिनल्स’मध्ये व्हायोलिन पुढे येतात, जोम अधिक वाटतो, एसएसीडीत बास भरलेला आणि लाकडी सुषिरवाद्यांना जागा जास्त, पहिल्या सीडीत खरखर आहे, पण पूल छान टिकतो. एकच घ्यायची तर मी एसएसीडी घेईन. साध्या प्लेअरवर ऐकणाऱ्याला सातवीसकट मिळणारी ‘ओरिजिनल्स’ पैसे वसूल करते.

हाच कस सगळीकडे चालतो, पण दोष समजून घेऊन लावावा. लंडनच्या किंग्जवे हॉलमधल्या रेकॉर्डिंगांत खालून जाणाऱ्या भुयारी रेल्वेची घरघर येते. संचालक क्लेम्पररच्या बीथोव्हेनचा बराच भाग तिथलाच. ती घरघर गाळायला खालचे स्वर कापले तर डबल बासही जातो. मी घरघर पत्करतो. आणि ‘नवं रीमास्टर’ म्हणजे टेप नव्याने वाजवली असं समजू नये. संचालक शोल्टीच्या ‘रिंग’चं (वाग्नरच्या ऑपेरामालिकेचं) २०१२ चं प्रकाशन १९९७ मध्ये टेपवरून डिजिटलमध्ये केलेल्या ट्रान्सफरवरच आधारलेलं होतं, मूळ टेपकडे पुन्हा जाणं झालं ते २०२२ च्या आवृत्तीसाठी.

वापरलेली डिस्क घेताना विक्रेत्याकडून लेबलच्या बाजूसकट फोटो मागवावा. १९८८ ते १९९३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका कारखान्यात निघालेल्या बऱ्याच सीडी कडेपासून तांबूस होत जातात, आणि शेवटचे ट्रॅक आधी जातात, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते. डिस्क आली की त्याच आठवड्यात उतरवून घ्यावी. पावसाळ्यात कागदी पुस्तिकांना बुरशी लागते, म्हणून कपाटात सिलिका जेल ठेवून दर महिन्याला बदलावं. कृष्णेच्या काठच्या घरांनी तळमजल्यावर काहीच ठेवू नये. २००५ आणि २०१९ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते शेजारी सांगतात. फाइली आणि लॉग यांची एक प्रत दुसऱ्या गावातल्या घरी असावी.