हे शेत कोणाचे? जावामधल्या एका गावातले नऊ दिवस

गावात पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका बांधावर उभा राहून, आपल्याकडे कोणीही सहज विचारील तसे, "हे शेत कोणाचे?" असे विचारले आणि एका प्रश्नाला चार उत्तरे मिळाली. जमीन गावाची होती. ग्रामसचिवाला, म्हणजे 'चारिक'ला, पगाराऐवजी दिलेली. चारिक स्वतः शेतात उतरत नसल्यामुळे त्याने ती माझ्या मित्राच्या मामाला अर्धेलीने लावली होती. मामाने उभे पीक आठ दिवसांपूर्वीच एका व्यापाऱ्याला विकून टाकले होते, त्यामुळे समोर पिवळ्या पडू लागलेल्या लोंब्या व्यापाऱ्याच्या होत्या. आणि बांधावरचे नारळाचे झाड या तिघांपैकी कोणाचेच नव्हते; ते जिने लावले त्या म्हातारीचे होते आणि नारळ तीच उतरवून घेत असे. चौघांनाही यात काही गुंतागुंत आहे असे वाटत नव्हते. गोंधळलो होतो तो मीच, कारण सातबाऱ्यावरचे नाव म्हणजे मालक, एवढेच मला ठाऊक.

मी साताऱ्याकडचा. आमच्या घरची अकरा गुंठे जमीन सात नावांवर आहे आणि तिच्यापायी तलाठी कार्यालयाच्या इतक्या फेऱ्या झाल्या आहेत की, प्रवासात देवळे आणि धबधबे पाहण्याआधी माझी नजर बांधांकडे जाते. जकार्तात माझ्याबरोबर काम केलेला एक मित्र सुट्टीत गावी निघाला होता. त्याने बोलावले आणि मी गेलो. योग्यकार्ताहून सोलोकडे 2021 पासून विजेवरची लोकल धावते. आठ हजार रुपियांच्या, म्हणजे आपल्या चाळीस-पंचेचाळीस रुपयांच्या तिकिटात ती मित्राच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, क्लातेनला, पोहोचवते. वाटेत डाव्या हाताला मेरापी ज्वालामुखी दिसतो. त्याच्याच राखेने ही माती काळी झाली आहे, त्याच्याच पोटातून झिरपलेले पाणी या भागात ठिकठिकाणी झऱ्यांच्या रूपाने वर येते, आणि म्हणूनच इथे वर्षातून दोनदा, कुठे कुठे तीनदा भात निघते.

गावाचे नाव मुद्दाम देत नाही. घरे दाट झाडीत दडलेली आणि तिच्याभोवती सपाट, पाणथळ खाचरे. दुरून पाहिले तर हिरव्या पाण्यात बेट असावे तसे गाव दिसते. जावा बेटाचे क्षेत्रफळ सुमारे 1,30,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी, आणि 2020 च्या जनगणनेत तिथे पंधरा कोटींहून अधिक माणसे मोजली गेली. तेव्हा शेताचे तुकडे किती लहान असतील याची कल्पना करावी. 1960 च्या एका कायद्याने प्रत्येक शेतकरी कुटुंबाकडे किमान दोन हेक्टर असावेत असे उद्दिष्ट लिहून ठेवले. प्रत्यक्षात अर्ध्या हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्यासाठी 'गुरेम' असा वेगळा शब्दच रूढ आहे, आणि या गावात बहुतेक सगळे गुरेमच. मित्राच्या आईकडे दीड 'पाथोक' खाचर आहे. पाथोक हे गावोगावी बदलणारे माप, पण इथला एक पाथोक आपल्या वीस गुंठ्यांच्या थोडा वर भरतो.

मालमत्तेविषयी बोलताना मला दुभाष्याची गरज अपेक्षेपेक्षा कमी लागली. मालकीहक्काला ते 'हाक मिलिक' म्हणतात, म्हणजे आपला हक्क आणि आपल्या मिळकतीचे मूळ. वारसाला 'वारिस', साक्षीदाराला 'साक्सी', संपत्तीला 'हार्ता', जो संस्कृतातला 'अर्थ' हा शब्द आहे. जिल्ह्याच्या प्रमुखाला आजही 'बुपाती', म्हणजे भूपती, म्हणतात आणि गुराढोरांना 'राजाकाया'. फसवणारा शब्द एकच निघाला: 'सेवा' म्हणजे तिथे भाडे. मामाने दुसऱ्या एका तुकड्याविषयी "सेवा" म्हटल्यावर मी तो देवस्थानाचा असावा असे समजून दोन दिवस आदराने वागत होतो.

पगाराऐवजी दिलेल्या जमिनीला 'बेंगकोक' म्हणतात. सरपंचाला, म्हणजे 'लुराह'ला, सर्वांत मोठा वाटा. चारिकला त्याहून कमी. पाणी सोडणाऱ्या 'उलू-उलू'ला आणि धार्मिक विधी पाहणाऱ्या 'मोदिन'ला आणखी कमी. पद सुटले की जमीन परत. आपल्याकडची पाटीलकीची वतने पिढीजात होऊन बसली आणि शेवटी कायद्याने खालसा करावी लागली. बेंगकोक मात्र पदाबरोबर येतो आणि पदाबरोबर जातो, त्यामुळे सरपंचाच्या मुलाला बापाच्या शेतावर नुसते पाहत राहावे लागते. 2014 च्या ग्राम कायद्यानंतर या लोकांना गावाच्या अंदाजपत्रकातून ठरावीक वेतन मिळू लागले आहे, आणि मग वरती जमीन कशाला, असा प्रश्न काही ठिकाणी विचारला जातो. मी तो चारिकलाच विचारण्याची आगाऊ हिंमत केली. तो हसला आणि चहात आणखी साखर घातली.

अर्धेलीला 'मारो' म्हणतात. कसणाऱ्याला तिसरा हिस्सा मिळाला तर 'मेर्तेलू', चौथा मिळाला तर 'म्रापात'. जिथे माणसे जास्त आणि जमीन कमी, तिथे व्यवहार निम्म्यावरून तिसऱ्याकडे सरकतो. कापणीला येणाऱ्यांना धान्यातून जो वाटा द्यायचा त्याला 'बावोन' म्हणतात. पूर्वी कापणीला कोणीही यावे, तळहातात लपेल एवढ्या 'आनी-आनी' नावाच्या पात्याने एकेक लोंबी खुडावी आणि खुडलेल्याचा ठरलेला हिस्सा घरी न्यावा अशी रीत होती. पाते लपवायचे कारण असे सांगतात की, भातात देवी श्री वस्तीला असते आणि उघडे हत्यार पाहून ती घाबरेल. सत्तरच्या दशकात आखूड दांड्याची सुधारित भाते आली, विळे आले, आणि उभे पीकच व्यापाऱ्याला विकण्याची 'तेबासान' पद्धत वाढली. व्यापारी आपल्या ठरलेल्या टोळ्या घेऊन येतो, त्यामुळे गावातल्या भूमिहीन बायकांचा बावोन आटला. मित्राच्या आईने, जिला सगळे 'म्बाह' म्हणजे आजी म्हणतात, मला तिची आनी-आनी दाखवली. ती आता चुलीमागच्या कुडात खोचलेली असते. लाकडाची मूठ वापरून वापरून खोलगट झाली होती. त्या खोलगटात माझे बोट बसले नाही.

गावातले एक घर त्याच आठवड्यात विकले गेले. घर म्हणजे घरच, जमीन नव्हे. जावाच्या रूढीत घर हे जमिनीला चिकटलेले मानत नाहीत, ते जंगम आहे. हे घर 'जोग्लो' होते, म्हणजे मधोमध चार सागवानी खांबांवर उंच छप्पर. त्या खांबांना 'साका गुरू' म्हणतात आणि त्यातला गुरू आपलाच. लाकडात लाकूड अडकवलेले, खिळ्यावाचून उभे राहिलेले. गिऱ्हाईक जकार्ताचे, कुठल्याशा विश्रामगृहासाठी घेत होते. सहा माणसे आली, कौले उतरवली, प्रत्येक तुळईवर आणि खांबावर खडूने आकडे घातले आणि तीन दिवसांत घर दोन मालमोटारींवर चढले. मागे राहिला सिमेंटचा चौथरा आणि आतल्या मधल्या खोलीची जागा, जिथे देवी श्रीसाठी एके काळी गादी घातलेली असे. घरमालकाने त्याच पैशांत त्याच जागेवर विटांचे घर बांधायला घेतले. 27 मे 2006 च्या भूकंपात याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात आणि जवळच्या बांतुल जिल्ह्यात लोखंडावाचून बांधलेली विटांची घरे हजारोंनी कोसळली होती आणि 5,700 हून अधिक माणसे गेली होती. म्हणून असेल, पण नव्या घराच्या कोपऱ्यांत सळया कशा बांधल्या जातात हे पाहायला निम्मे गाव जमत होते आणि प्रत्येकाला सळ्यांविषयी मत होते.

वाटणीचा विषय मीच काढला. मामाला ते 'पाकलिक' म्हणतात, पण हा शब्द आईच्या आणि बापाच्या, दोघांच्याही धाकट्या भावाला चालतो. काका आणि मामा असा भेदच त्यांच्या भाषेत नाही. नात्यांत बाप आणि आई यांच्या बाजू वेगळ्या न मोजणाऱ्या या लोकांनी मालमत्तेतही त्या फारशा वेगळ्या ठेवलेल्या नाहीत. रूढीप्रमाणे मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा. काही घरांत 'सेपिकुल सेगेंदोंगान' चालते: पुरुष कावडीने दोन ओझी वाहतो, बाई पाठीवरच्या झोळीत एक, म्हणून मुलाला दोन आणि मुलीला एक. कोणते धोरण धरायचे ते घर ठरवते. लग्नाआधीची मालमत्ता ज्याची त्याची, तिला 'गावान' म्हणतात. लग्नानंतर दोघांनी मिळवलेली ती 'गोनो-गिनी', आणि घटस्फोट झाला तर तिची वाटणी होते. राहते घर बहुधा म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे जाते, पुष्कळदा शेंडेफळाकडे. म्बाहचे घर धाकट्या मुलीचे आहे. मित्राला खाचरातले अर्धा पाथोक मिळेल, ते कधी मिळेल याची त्याला घाई नाही.

मी त्यांना आमच्याकडचे हक्कसोडपत्र समजावून सांगितले: कायद्याने बहिणींचा वाटा समान आहे, पण माझ्या तीन आत्यांनी एका दुपारी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सह्या केल्या आणि पेढे खाऊन परत गेल्या. म्बाहने विचारले, "त्यांना बदल्यात काय मिळाले?" मी म्हणालो, "माहेर." मित्राने ते जावानीत सांगायला बराच वेळ घेतला. त्याने नक्की काय सांगितले ते मला कळले नाही, पण म्बाह बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

या सगळ्याचे कागद कुठे आहेत, हे पाहायला मी ग्रामकार्यालयात गेलो. 'लेतर चे' नावाची एक जाड नोंदवही असते; तिच्यात मालकाचे नाव, भूखंडाचा क्रमांक, जमिनीची प्रत आणि कर. ती मुळात कराची वही आहे, मालकीची नव्हे, आणि आपल्या सातबाऱ्याविषयीही वकील हेच सांगतात. पक्का कागद म्हणजे प्रमाणपत्र, जे 1960 च्या मूलभूत भूकायद्याखाली मिळते. म्बाहचे खाचर वहीत अजून तिच्या सासऱ्याच्या नावावर आहे. मधल्या दोन वाटण्या शेजाऱ्यांना साक्सी ठेवून, जेवण घालून, तोंडीच झाल्या. 2021 च्या एका शासकीय नियमाने असल्या जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत घातली, आणि त्यानंतर ते पुरावा म्हणून चालणार नाहीत असे ठरवले. मी गेलो तेव्हा गावागावांत सामूहिक नोंदणीची मोहीम चालू होती. बांधावर शेजारी-शेजारी उभे राहतात, खुंट्या ठोकल्या जातात, आणि ज्या चार-सहा बोटांवर कोणी कधी बोलले नव्हते त्यांच्यावर बोलणे निघते.

या जमिनीवर 'हाक मिलिक' हे शब्द येऊन फार काळ झालेला नाही. क्लातेन हा सोलोच्या राजाचा मुलूख. जमीन राजाची, ती सरदारांना नेमून दिलेली, आणि सरदारांनी ती युरोपीय कारखानदारांना भाड्याने दिलेली. गावाची निम्मी खाचरे उसाला किंवा तंबाखूला, निम्मी भाताला, आणि पुढच्या फेरीत अदलाबदल. शेतकऱ्याच्या हाती जमिनीचा ताबा कायद्याने आला तो 1910 नंतरच्या सुधारणांत. तंबाखू वाळवण्याच्या बांबूच्या लांबलचक कोठ्या या जिल्ह्यात अजून उभ्या दिसतात. पुढे 1960 च्या कायद्याची अंमलबजावणी रखडली, तेव्हा 1963 ते 1965 या काळात डाव्या शेतकरी संघटनेच्या लोकांनी जमिनी परस्पर ताब्यात घेतल्या, आणि क्लातेनमध्ये हे प्रकार विशेष झाले. 1965 च्या शेवटाला इंडोनेशियात कम्युनिस्टांची आणि त्यांच्या समर्थकांची कत्तल झाली. मी त्या वर्षाचे नाव काढले तेव्हा मामाने विडी विझवली आणि आम्ही पाण्याच्या पाळीवर बोललो.

शेजारधर्माचाही इथे हिशेब असतो. प्रत्येक घराच्या भिंतीला प्लास्टिकचा एक पेला टांगलेला. त्यात रोज संध्याकाळी चिमूटभर तांदूळ किंवा पाचशे रुपियांचे नाणे. रात्री गस्तीला निघालेले पुरुष ते गोळा करतात आणि त्यातून गल्लीचे दिवे, मयताचे खर्च भागतात. याला 'जिंपितान' म्हणतात. महिन्याला बायकांची 'आरिसान' असते, ती म्हणजे थेट आपली भिशी. गाय एकाची आणि सांभाळणार दुसरा, वासरे वाटून घ्यायची, हेही चालते. आमच्याकडे शेळ्या अशाच अर्धेलीवर देतात, हे ऐकून मामाला माझ्याविषयी प्रथमच थोडा भरवसा वाटला.

निघण्याच्या आदल्या दिवशी शेजारी लग्न होते. पुरुष पाकिटात पैसे घालून नेतात, बायका तांदूळ, साखर, शेवया. मी एक लाख रुपिया कोऱ्या पाकिटात घातले, तर मित्राने मला थांबवून पाकिटावर नाव लिहायला लावले, कारण निनावी पाकीट म्हणजे परत न करता येणारे पैसे, आणि ते घरच्यांना संकटात टाकते. रात्री पाकिटे उघडून नवऱ्या मुलीचा बाप चौकटीच्या वहीत नोंदी करीत बसला होता; आमच्या लग्नघरातली आहेराची वही अशीच असते, फक्त तिथे मामाच्या हाती पेन असते. माझे नाव त्याने रोमन लिपीत चुकीचे लिहिले, मी दुरुस्त केले. मग त्याने विचारले, तुमच्या घरी लग्न कधी? मी सांगितले की, मुलगी चौदा वर्षांची आहे, अजून पुष्कळ वेळ आहे. त्याने मान हलवली आणि माझ्या नावापुढे, रकमेच्या शेजारी, 14 असा आकडा लिहून ठेवला.