श्रावणातली ओपीडी आणि लिव्हर सिरॉसिस

नाशिक, श्रावणातला शनिवार

श्रावण लागला की लिव्हर सिरॉसिसच्या, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कडक झालेल्या, माझ्या रुग्णांमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. दारू घेणारे बरेच जण महिनाभर बाटलीला हात लावत नाहीत, आणि त्याच घरांत सोमवारचे आणि शनिवारचे उपवास सुरू होतात. पहिली गोष्ट मला हवी असते आणि दुसरी नको असते. पण दोन्ही एकाच श्रद्धेतून येत असल्याने एकीचे कौतुक करून लगेच दुसरीला विरोध करणे दरवर्षी जड जाते. त्यातच रोज भरपूर घेणाऱ्याने गटारीनंतर दारू एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास होणे, असंबद्ध बोलणे सुरू होऊ शकते, आणि यकृत निकामी होत आल्यामुळे येणारा गोंधळ वरवर पाहता त्याच्यासारखाच दिसतो. एकात गुंगीचे औषध द्यावे लागते, दुसऱ्यात तेच औषध रुग्णाला बेशुद्धीकडे नेऊ शकते. म्हणून या दिवसांत ‘सोडली’ असे ऐकले की कधी सोडली, हे मी आधी विचारते.

उपवासाचे कारण समजावून सांगायला वेळ लागतो. निरोगी माणूस रात्री जेवून सकाळपर्यंत उपाशी राहिला तरी यकृतात साठवलेली साखर त्याला पुरते. सिरॉसिसमध्ये ती साठवण इतकी तोकडी झालेली असते की एका रात्रीच्या उपाशीपोटी शरीर ज्या अवस्थेला पोहोचते, तिथे पोहोचायला निरोगी माणसाला सुमारे तीन दिवस उपाशी राहावे लागेल. मग शरीर स्नायू वितळवून गरज भागवते. स्नायू अमोनियाचा, म्हणजे मेंदूला बाधणाऱ्या टाकाऊ द्रव्याचा, निचरा करण्यातही हातभार लावत असल्यामुळे ते झिजले की मेंदूवरचा भार आणखी वाढतो. म्हणून झोपण्यापूर्वी काहीतरी खायचेच, आणि दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने घ्यायचीच, असा माझा आग्रह असतो. ‘लिव्हर खराब आहे, डाळ बंद करा’ हा जुना सल्ला अजूनही घरोघरी टिकून आहे, आणि काविळीची माळ घालून आलेल्या रुग्णापेक्षा महिनोन्‌महिने वरण-अंडी बंद केलेला रुग्ण मला जास्त काळजीत टाकतो; माळेने निदान स्नायू तरी झिजत नाहीत.

आज निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार काका आले होते. सहीवरून घोटाळा झाला, अशी त्यांच्या पत्नीची तक्रार होती. बँकेत सही जुळेना आणि काका मात्र ‘माझीच सही आहे’ म्हणून चिडत होते. कागद पाहिला. आडनावातली शेवटची दोन अक्षरे एकमेकांवर चढली होती आणि वरची रेघ मध्येच खाली घसरली होती. ‘‘मॅडम, हे रात्रभर टक्क जागे असतात आणि दिवसा बसल्या जागी पेंगतात,’’ काकू म्हणाल्या. मी काकांना हात पुढे करून पंजे वर उचलून धरायला सांगितले. पंजे क्षणभर स्थिर राहिले आणि मग फडफडल्यासारखे खाली पडू लागले. शौचाला कधी होते, असे विचारल्यावर उत्तर आले, तीन-चार दिवसांतून एकदा. शौच तुंबले की अमोनिया अंगात साठतो आणि डोके गोंधळते; तो बाहेर काढणारे लॅक्टुलोज हे पातळ औषध जुलाब होतात म्हणून त्यांनी बंद केले होते. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच होणे हाच त्या औषधाचा उद्देश आहे, हे चिठ्ठीवर लिहून दिलेले कोणी वाचत नाही, त्यामुळे आता मी ते सोबतच्या माणसाकडून म्हणवून घेते. सगळ्याच रुग्णांचे इतक्या सरळ कारणावर निभावत नाही. गोंधळामागे जंतुसंसर्ग, आतला रक्तस्राव, झोपेची गोळी किंवा सोडियम-पोटॅशियमची गडबडही असू शकते, म्हणून काकांच्या रक्ताच्या तपासण्या आजच करून घेतल्या.

बागायतदाराला प्रवेशिनी शिरेतला (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल व्हेनमधला) दाब समजावणे मात्र सोपे असते. मुख्य पाट गाळाने तुंबला की पाणी मिळेल त्या चारीत शिरते आणि चारीची माती ते पेलू शकत नाही. यकृत कडक झाले की आतड्यांकडून येणारे रक्त असेच अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या नाजूक शिरांत शिरते आणि त्या फुगतात. हा दाब पाऱ्याच्या 10 मिलिमीटरच्या पुढे गेला की गुंतागुंतीची शक्यता खऱ्या अर्थाने सुरू होते आणि 12 च्या पुढे शिरा फुटू शकतात. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली की पहाट उजाडण्याची वाट पाहायची नाही. एन्डोस्कोपीतून बँड लावणे, दाब उतरवणारी इंजेक्शने आणि पहिल्या दिवसापासून प्रतिजैविके, एवढे सगळे मिळूनही अशा रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांत साधारण 15 ते 20 टक्के रुग्ण दगावतात. हे प्रमाण पूर्वी याच्या दुपटीहून अधिक होते. कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल ही साधी, स्वस्त गोळी रक्तस्राव टाळण्यासाठी आहे, पण ती ब्लडप्रेशरची समजून प्रेशर नॉर्मल आले की बंद करणारे थोडे नाहीत.

पोटातल्या पाण्याबद्दल लोक सर्वांत जास्त घाबरतात, आणि ते चुकीचे नाही. पहिल्यांदा पाणी झाले, गोंधळ झाला किंवा रक्तस्राव झाला, की आजाराचा टप्पा बदलतो. गुंतागुंत नसलेल्या सिरॉसिसमध्ये निम्म्याहून अधिक रुग्ण 12 वर्षांपेक्षा जास्त जगतात. एकदा टप्पा ओलांडला की तोच आकडा सुमारे दोन वर्षांवर येतो. नातेवाईक दाराबाहेर मला गाठून ‘किती दिवस?’ असे विचारतात तेव्हा हा आकडा मी सांगते, पण तो शेकडो रुग्णांचा आहे आणि त्यांच्या माणसाचा नाही, हेही सांगते. यकृताचा आजार किती गंभीर आहे हे मोजणारी चाइल्ड-प्यूची श्रेणी आणि मेल्डचा गुण हिशेबाला मदत करतात, परंतु दोन्हींत मीठ, पेनकिलर आणि पत्नीने ठेवलेली वजनाची वही यांना जागा नाही. दिवसाला पाच ग्रॅम मीठ म्हटले की लोणचे, पापड आणि मिसळीवरची तर्री एकदमच हद्दपार करावी लागते. बागेत छाटणी करून पाठ धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली पेनकिलरची एक गोळी मूत्रपिंडे बंद पाडण्यास पुरेशी ठरू शकते.

त्या पाण्यात जंतू शिरले तर ताप येतोच असे नाही. कधी फक्त भूक जाते, कधी नुसता गोंधळ वाढतो. म्हणून पोटात पाणी असलेला रुग्ण भरती झाला की सुईने थोडे पाणी काढून तपासावे, असे मी कनिष्ठ डॉक्टरांना सांगत असते. एका घनमिलिमीटरमध्ये 250 किंवा त्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आढळले की उपचार लगेच सुरू होतात. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रतिजैविकांसोबत अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) शिरेतून दिल्यावर मूत्रपिंडे बिघडण्याचे प्रमाण 33 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आले होते. अल्ब्युमिनची बाटली महाग असते. ती लिहिताना समोरच्या कुटुंबाने कोणता दागिना मोडला असेल, हा विचार येतोच, तरी लिहिते.

दिलासा देणारी गोष्टही आहे. मूळ कारण थांबले, म्हणजे दारू सुटली, ‘क’ काविळीचा विषाणू गोळ्यांनी गेला किंवा ‘ब’ चा आटोक्यात आला, तर काही रुग्णांचे पाणी ओसरते आणि औषधेही कमी करता येतात. असा माणूस औषधांविना वर्षभर स्थिर राहिला आणि यकृताचे काम सुधारले, तर आता त्याला पुन्हा सावरलेला मानतात. मात्र कर्करोगाचा धोका पूर्ण जात नाही, म्हणून दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चालूच राहते. श्रावणातला महिना सहज निभावणाऱ्यांना मी म्हणते की पुढे भाद्रपदही आहे. काही हसतात, थोडे ऐकतात.

प्रत्यारोपणाचा विषय लोकांना शेवटी काढायचा असतो आणि मला तो सुरुवातीलाच काढावासा वाटतो. मेल्ड 15 च्या आसपास पोहोचला किंवा पहिली गुंतागुंत झाली की मुंबई-पुण्याच्या केंद्रात एकदा दाखवून यावे. अतिदक्षता विभागातून रुग्णवाहिकेने जाण्यापेक्षा आपल्या पायांनी चालत जाणे केव्हाही बरे. आज काकांच्या मुलाने विचारले की तो स्वतः यकृताचा भाग देऊ शकेल का. रक्तगट, वजन, त्याच्या स्वतःच्या यकृतातली चरबी, सगळे तपासावे लागेल, असे मी सांगितले. काकू म्हणाल्या, आधी मला तपासा. दोघांनाही एन्डोस्कोपीच्या दिवशी सोबत यायला सांगितले आहे, आणि तोपर्यंत लॅक्टुलोज चमच्याने नाही, मापाने द्यायचे ठरले आहे.