नॅकच्या फाइलपासून विहिरीच्या तळापर्यंत: आमच्या ग्रीन ऑडिटचा अनुभव

आमचं महाविद्यालय जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला. वर्गाच्या खिडकीतून सातपुडा दिसतो आणि कंपाउंड संपलं की केळीच्या बागा सुरू होतात. मी इथे वनस्पतिशास्त्र शिकवते. नॅक म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था. तिच्या पुढच्या फेरीची तयारी सुरू झाली तेव्हा सातव्या निकषाचं काम माझ्याकडे आलं. संस्थात्मक मूल्यं आणि उत्तम उपक्रम, असा हा निकष. वीज कशी वाचवता, पाणी कुठे मुरवता, कचऱ्याचं काय करता, आवार हिरवं आहे का, हे सगळं त्यात विचारतात आणि ग्रीन ऑडिट, एनर्जी ऑडिट, म्हणजे आवारातल्या पर्यावरणाची आणि वीजवापराची तपासणी, झाल्याचे पुरावे मागतात.

रूढ वाट सोपी होती. एखाद्या एजन्सीला बोलवायचं, तिने एक चक्कर मारून फोटो काढायचे आणि आपण प्रमाणपत्र फाइलला लावायचं. मागच्या वेळचा असाच एक अहवाल मी कपाटातून काढून वाचला. आमच्या आवारात कधीही नव्हती अशी झाडं त्यात होती. ती पानं वाचून मला फार वाईट वाटलं. मी प्राचार्यांकडे गेले आणि म्हटलं, "सर, मोजणी मुलांना करू द्या. बाहेरचे ऑडिटर शेवटी येऊन तपासतील." त्यांनी विचारलं, "वेळेत होईल का?" मी हो म्हटलं.

मुलांनीच करावं असा हट्ट धरण्यामागे कारण होतं. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरण अभ्यास शिकावाच लागतो, तो आपोआप सुरू झालेला नाही. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने तयार केलेला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम देशभर लागू झाला. त्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेट आणि प्रकल्प आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते कुठल्याही महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कळतं. ‘जलप्रदूषण’, ‘जागतिक तापमानवाढ’ अशा तयार फाइली तिथे मिळतात, नाव आणि हजेरी क्रमांक बदलला की झालं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाढलेली मुलं तापमानवाढीवर दुसऱ्याचं उतरवून काढतात, हे मला वर्षानुवर्षं सलत होतं. म्हणून ठरवलं, ऑडिट हाच यंदाचा प्रकल्प. विज्ञान, कला, वाणिज्य, सगळ्या शाखांच्या मिसळून तुकड्या केल्या.

विजेचं काम वाणिज्यच्या मुलांनी घेतलं. त्यांनी कार्यालयातून महावितरणची जुनी बिलं मागून आणली आणि मंजूर भार, स्थिर आकार हे रकाने वाचायला शिकली. खोल्याखोल्यांतून पंखे आणि ट्यूबलाइट मोजले. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा साधारण ३० वॅटचा. रोज आठ तास आणि वर्षाला दोनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे ७२ युनिट वाचतात. आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे पंख्यामागे पन्नास किलो. हा हिशेब फळ्यावर मांडणारी मुलगी बी. कॉम.ची होती. महाविद्यालय विकास समितीपुढे तोच कागद ठेवला, तेव्हा आधी ग्रंथालयातले पंखे बदलायचे ठरले. दिवसभर चालणारे पंखे तेच. छतावरच्या सौर पॅनेलचा आणि नेट मीटरिंगचा (जास्तीची सौर वीज महावितरणला देऊन बिलात वजा करून घेण्याचा) प्रस्तावही गेला, पण त्याला निधी लागतो. तो अजून मंजुरीच्या वाटेवर आहे.

खरा गुंता पाण्याचा.

वसतिगृहाच्या मेसमधल्या मावशींनीच पहिला धागा दिला. मुलं बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन नळाचा प्रवाह मोजत होती. मावशी आरओच्या, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या, मागच्या नळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाई पानी रोज गटारमा जास. कोनी इचारं नही." बादली तिथे लावली. गाळलेल्या पाण्यापेक्षा टाकून दिलेलं पाणी जास्त भरलं. अशा यंत्रात ते व्हायचंच, यंत्र बिघडलेलं नव्हतं. पण ते पाणी जातं कुठे, याचा माग कोणीच काढला नव्हता. त्यात क्षार जास्त असतात, त्यामुळे रोज झाडांना घालणं बरं नाही. फरशी पुसायला आणि शौचालयाला मात्र चालतं. प्लंबरने एक टाकी आणि थोडा पाइप टाकून ते काम करून दिलं. अख्ख्या ऑडिटमधली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच ठरली. एप्रिल-मेमध्ये डेझर्ट कूलर किती पाणी पितात, तेही याच तुकडीने मोजलं आणि कूलरच्या गळक्या टाक्यांची यादी कार्यालयाला दिली.

मग छताकडे वळलो. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, एवढं एक सूत्र मुलांना पुरलं. जिल्ह्यात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेलं मानलं, तरी हजार चौरस मीटर छतावरून वर्षाला साडेपाच लाख लिटरच्या वर पाणी येतं. आकडा काढल्यावर एकाने विचारलं, "मॅडम, मग उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर का येतो?" त्या प्रश्नाला वर्गात उत्तर नव्हतं. ते जमिनीत होतं, म्हणून आम्ही बाहेर पडलो.

चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याला बझाडा आहे. डोंगरातून येणाऱ्या नद्यानाल्यांनी आणून टाकलेले दगडगोटे, खडी आणि वाळू यांचे जाड थर. पाणी तिथे चाळणीसारखं खाली उतरतं. निसर्गाने भूजल भरायला दिलेली ही केवढी मोठी जागा! पण खाली केळीसाठी उपसा इतका वाढला की विहिरी आटल्या आणि कूपनलिका खोल खोल जात राहिल्या. आपल्या आजोबांची विहीर बुजवून तिथे गोठा झालाय, हे सांगणारी मुलं माझ्याच वर्गात बसलेली होती.

पदव्युत्तर वर्गाच्या मुलांनी याच प्रश्नावर संशोधन प्रकल्प घेतला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या विहिरींची पातळी ठरलेल्या महिन्यांत नोंदवते. तीच पद्धत आम्ही आपापल्या गावांत वापरली. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, विहिरीच्या काठावर रंगाने खूण करायची आणि दर वेळी तिथूनच मोजायचं. मे अखेरचा एक आकडा, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमधला एक. शेतकरी आधी संशयाने बघायचे, सरकारी माणसं आली का म्हणून. पण आपल्याच गावातल्या कोणाचा तरी मुलगा वही घेऊन उभा दिसला की चहा यायचा. काही जणांनी तर विहीर किती परस (खोलीचं जुनं माप) खोदली होती आणि कुठल्या दुष्काळात पहिल्यांदा तळ दिसला, हेही सांगितलं. ते सगळं वहीत उतरवून घेतलं, कारण कुठल्याही कार्यालयात ते मिळालं नसतं.

धुळे जिल्ह्यातलं शिरपूर आम्हाला जवळ. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तिथे २००४ पासून केलेलं काम मुलांना दाखवायचंच होतं. नाले रुंद आणि खोल केलेले, त्यांवर एकामागून एक सिमेंटचे बंधारे. तापीकाठच्या गाळाच्या भागात पाणी मुरू न देणारा पिवळ्या मातीचा थर असतो, तो काढून पाण्याला वाट करून दिलेली. कड्यावर उभं राहून मातीचे थर डोळ्यांनी पाहिल्यावर, वर्गात तासभर डोकं खाणारी जलधराची, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थराची, कल्पना मुलांना क्षणात कळली. आणखी एका सहलीत साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहिलं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी राखलेलं जंगल आणि त्या जंगलाखाली टिकलेलं पाणी. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तिथे जाऊन आलेल्या मुलांनी मला सकाळी फोन केले होते. विद्यापीठाने निसर्ग शिकवायचा तर गावाकडूनही शिकायला हवं, असं माझं ठाम मत आहे, आणि खान्देशात त्यासाठी लांब जावं लागत नाही.

झाडांच्या मोजणीत सातपुड्यातल्या पावरा या आदिवासी समाजाच्या एका मुलाने आम्हा सगळ्यांना मागे टाकलं. आवारात गुलमोहर, निलगिरी, सप्तपर्णी, करंज आणि थोडे कडुनिंब. तो म्हणाला, आमच्या डोंगरातलं इथे काहीच नाही. अंजन नाही, सालई नाही, मोह नाही. दर पावसाळ्यात वृक्षारोपण होतं, फोटो निघतो आणि मार्चपर्यंत खड्डे रिकामे होतात. म्हणून या वेळी लावलेल्या झाडांऐवजी जगलेली झाडं मोजायची, असा तक्ता केला. त्या मुलाने सुट्टीत गावाकडून अंजनाचं बी आणलं. अंजन पहिली काही वर्षं वर फारसं वाढत नाही, मूळ खोल घालत बसतं. व्यवस्थापनातल्या एका ज्येष्ठांना ते रोप मेल्यासारखं वाटलं, त्यांना मुळाची गोष्ट समजावून सांगावी लागली. पालापाचोळा जाळणं मात्र लगेच थांबलं. सफाई कामगारांशी आधी बोललो, ढीग कुठे करायचा ते त्यांनीच ठरवलं आणि खताचे हौद तिथेच बांधले.

केळीचा प्रकल्प एका शेतकऱ्याच्या मुलाने केला. केळीचं झाड एकदाच घड देतं, मग खोड कापावं लागतं. अशी खोडं आपल्याकडे बांधावर, नाल्यात, रस्त्याच्या कडेला कुजत पडलेली सगळ्यांनी पाहिली आहेत. त्याने स्वतःच्या शेतात निरोगी खोडांचे तुकडे करून शेणासोबत कुजवले आणि रोगट खोडं वेगळी ठेवली. त्याच्या वडिलांनी पुढच्या वर्षी आणखी एका तुकड्यात तसंच केलं. सगळ्या अहवालात मला सर्वांत मोलाचं वाटणारं पान हेच आहे.

येण्याजाण्याची तुकडी मी सुरुवातीला नुसती तक्ता भरण्यापुरती ठेवली होती, कारण पाहण्याचं काही निघेल असं कोणालाच वाटत नव्हतं. मुलं कशाने येतात एवढंच विचारायचं होतं. उत्तरांतून दिसलं की दुचाकी घेणाऱ्या बऱ्याच मुलांकडे आधी एस. टी.चा पास होता. पहिला तास बस पोहोचायच्या आधी सुरू होत होता. मुली तर उशिराचा शेरा नको म्हणून आदल्या बसने, अंधारात निघत होत्या. वेळापत्रक समितीने पहिला तास थोडा पुढे नेला. आगाराला संध्याकाळच्या फेरीसाठी सह्यांचं पत्र दिलं आणि ते मान्यही झालं. पेट्रोल वाचलं, ते खरंच. शिवाय प्रात्यक्षिकं अर्धवट सोडून पळणाऱ्या मुली आता पूर्ण करून जातात.

अहवाल लिहिताना एक योगायोग सापडला. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० ची, आज त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्रान्समधल्या तालवार इथे जगभरातले विद्यापीठप्रमुख जमले आणि त्यांनी दहा कलमी जाहीरनामा केला. अध्यापन, संशोधन, विद्यापीठाचा स्वतःचा कारभार आणि आजूबाजूचा समाज यांत पर्यावरण आणू, असं त्यात वचन होतं. प्रस्तावनेत मी हे दोन्ही लिहिलं. मुलांनी विचारलं, मग आपण त्यातलं किती केलं? त्यावर त्यांनीच कलमांपुढे आपापले पुरावे लावले, आणि जिथे पुरावा नव्हता तिथे रकाना कोरा ठेवला. तो कोरा ठेवू द्यावा म्हणून मला बैठकीत बराच वेळ बोलावं लागलं.

बाहेरच्या ऑडिटरांनी येऊन आकडे तपासले, काही ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या आणि सही केली. नॅकच्या समितीपुढे सादरीकरण मी केलं नाही, विहिरी मोजणाऱ्या दोन मुलींनी केलं.

कोऱ्या राहिलेल्या रकान्यांपैकी एक आता हातात घेतला आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं सांडपाणी अजून सरळ गटारात जातं. विभागातल्या सहकाऱ्यांनी काही प्रात्यक्षिकं कमी रसायनात, लहान नळ्यांत बसवून पाहिली आहेत. उरलेलं आम्ल बाहेर सोडण्याआधी चुन्याने उदासीन करायच्या टाकीचा आराखडा द्वितीय वर्षाच्या तुकडीने काढलाय. जूनमध्ये तो महाविद्यालय विकास समितीपुढे जाईल, आणि विहिरींच्या वह्या तोपर्यंत नव्या प्रथम वर्षाच्या मुलांकडे दिलेल्या असतील.