१५ जूनचा अंक

आषाढात मी आमच्या वाचनालयातलं जुन्या फायलींचं कपाट उघडत नाही. नियम माझाच आहे, कुठे लिहून लावलेला नाही, आणि तो मोडायला लावण्यासाठी कार्यकारिणीतली बडी माणसंही माझ्याशी भांडून थकली आहेत. दापोली तालुक्यात पावसाळ्यात हवेतच पाणी असतं. शंभर वर्षांपूर्वीचा वर्तमानपत्री कागद ती ओल पितो, पानं एकमेकांना धरतात, आणि कोणी थुंकी लावून पान उलटायला गेला की कोपरा त्याच्या हातात येतो. म्हणून त्या कपाटात पावसाळाभर एक बल्ब जळत असतो. वीजबिलावरून दर सभेत त्या बल्बचा विषय निघतो. शाल-श्रीफळाच्या खर्चाचा कधी निघालेला आठवत नाही.

चिखलगाव, म्हणजे टिळकांचं मूळ गाव, आमच्याच तालुक्यातलं. त्यामुळे १ ऑगस्टच्या पुण्यतिथीला इकडे वक्तृत्व स्पर्धांना ऊत येतो. जुलै लागला की वाचनालयात मुलं आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या आया येतात. पुस्तक नको असतं, ‘टिळकांवरचं भाषण’ हवं असतं. खरं तर तेही नको असतं, कारण सगळ्यांच्या मोबाईलवर एकच भाषण फिरत असतं. शेंगांची टरफलं, मग सिंहगर्जना, मग ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख, आणि ‘या जळजळीत अग्रलेखाबद्दल इंग्रजांनी लोकमान्यांना तुरुंगात टाकले’. इथे उजवा हात वर.

यंदा एक आठवीतली मुलगी आजोबांबरोबर आली. छत्री दाराशी ठेवून तिनं सरळ विचारलं, “काकू, तो अग्रलेख खराखुरा बघायला मिळेल?”

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “दिवाळीनंतर ये, दाखवते.”

“स्पर्धा एक तारखेला आहे ना पण.”

आजोबा म्हणाले, “मी सांगितलं हो तिला, वाचनालयातल्या बाई कडक आहेत म्हणून.” यावर काय बोलणार? मी पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या आणि किल्ली काढली.

‘केसरी’ची १८९७ ची फाईल आमच्याकडे कशी आली, ते सांगायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली-मंडणगडातल्या निम्म्या घरांची कौलं उडाली म्हटलं तरी चालेल. एका जुन्या वकिलांच्या घराचं छप्पर गेलं आणि माळ्यावरचं सगळं पावसात आलं. घरची मंडळी डोंबिवलीला. त्यांनी फोनवर सांगितलं, हवं तर न्या, नाहीतर रद्दीत द्या. गोणपाटात बांधलेले ते ओले गठ्ठे आमच्या ओटीवर आले तेव्हा कार्यवाहांचंही मत रद्दीचंच होतं.

ओला कागद वाळवणं म्हणजे लोकांना वाटतं उन्हात टाकणं. उन्हात टाकलात तर तो पोह्याच्या पापडासारखा वाकडा होतो आणि मग हात लावला की मोडतो. शिवाय ओलं असताना पान सोडवायला जायचंच नाही. फाईल उभी करायची, पुठ्ठे थोडे फाकवायचे, सुटतील तिथे कोरा कागद सरकवायचा, तो भिजला की बदलायचा, आणि पंखा फाईलवर नाही, भिंतीवर सोडायचा. कोरा कागद म्हणजे छपाई नसलेला, नाहीतर आजच्या पेपरची शाई कालच्या पेपरला लागते. वादळानंतर दापोलीत कितीतरी दिवस वीज नव्हती, तेव्हा मी आणि आमचा शिपाई पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचो. बऱ्याच फायलींचा लगदा झाला. १८९७ ची वाचली, कारण तिला चांगल्या चामड्याची बांधणी होती आणि ती गठ्ठ्याच्या मधोमध होती. कार्यवाह आता पाहुण्यांना तीच फाईल ‘आमचा ठेवा’ म्हणून दाखवतात.

तर ६ जुलै १८९७ चा अंक काढला. मुलीला हात मागे बांधून उभं राहायला सांगितलं, पानाखाली पुठ्ठा घातला, आणि तिनं तो अग्रलेख पहिल्या ओळीपासून वाचला. जोडाक्षरांना अडखळत, पण सगळा. २२ जूनच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, त्यानंतर पुण्यावर सरकारनं जी दडपशाही मांडली तिच्यावरचा तो लेख. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “याच्यात शिक्षा करण्यासारखं काय आहे? रागावलेत, पण सरकारला समजावूनच सांगतायत.”

मी तिला टिळकचरित्राचा खंड काढून दिला. २७ जुलैला टिळकांना मुंबईत पकडलं ते राजद्रोहाच्या १२४-अ कलमाखाली, आणि खटला चालला तो या अग्रलेखावर नव्हे, १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर: शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता. म्हणजे रँडवर गोळी झाडली जाण्याच्या आठवडाभर आधी छापलेला मजकूर. टिळक तेव्हा मुंबईच्या कायदे मंडळाचे सभासद होते. त्यांच्या बाजूनं उभे राहिलेल्या वकिलांत दिनशा दावर होते. जामीन मिळाला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींकडून. ज्युरीतले सहा युरोपियन ‘दोषी’ म्हणाले, तिघे हिंदी ‘निर्दोष’. न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी अठरा महिने सक्तमजुरी दिली. याच दावरांनी अकरा वर्षांनी न्यायाधीशाच्या खुर्चीवरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली, हे वाचून आजोबांनी चष्माच काढला.

“मग १५ जूनचा दाखवा,” मुलगी म्हणाली.

८ जून होता. २२ जून होता. मधे काही नव्हतं. फाईल मी इतक्या वेळा हाताळलेली, पण वाळवताना पानांवरच्या तारखा कोण बघतो? शिवणीत बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या उरल्या होत्या, वरपासून खालपर्यंत एका रेषेत. फाटलेलं नव्हे, पात्यानं कापलेलं. खालच्या २२ जूनच्या अंकावर पात्याची बारीक रेघसुद्धा उठलेली होती. एका पट्टीवर काही ओळींची शेवटची अक्षरं राहिली होती, ती मुलीनं वहीत उतरवून घेतली.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. वाचनालयातले पात्यावाले मला ठाऊक आहेत, स्पर्धा परीक्षेच्या मासिकांची ते चाळण करतात. पण हे काम त्यांचं नाही. जुना वर्तमानपत्री कागद कडेकडून तपकिरी होत आत जातो. शिवणीजवळ तो सगळ्यांत उशिरा काळवंडतो. अलीकडे कापलं असतं तर कापाची कड फिकट दिसली असती. इथे ती बाहेरच्या कडांइतकीच गडद होती. म्हणजे कापलं ते फार पूर्वी. आणि पट्टी शिवणीत आहे, म्हणजे बांधणी झाल्यानंतर. वर्षाची फाईल वर्ष संपल्यावर बांधतात. तोवर टिळक तुरुंगात गेलेले होते.

माझा अंदाज असा, की हे १९०८ च्या सुमाराचं असावं. तेव्हा टिळकांच्या घराची झडती झाली होती, आणि त्यात सापडलेलं दोन पुस्तकांची नावं लिहिलेलं एक साधं कार्डसुद्धा कोर्टात पुराव्याला आलं होतं. तालुक्याच्या गावी वकिली करणाऱ्या माणसाला सनद सांभाळायची होती. पण त्यानं फाईल जाळली नाही, विहिरीत टाकली नाही. ज्या अग्रलेखाचं नाव आज पोरासोरांच्या तोंडी आहे तो तसाच ठेवला, आणि ज्याच्यावर आरोपपत्र होतं तेवढाच अंक काढला. धोका नेमका कुठे आहे हे त्याला कलमानिशी माहीत होतं. त्याला भित्रा म्हणावं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. दुसरंही शक्य आहे: तोच अंक जपून वेगळा ठेवायचा म्हणून कापला असेल आणि वादळात गेला असेल.

मुलीनं भाषण बदललं. तिच्या बाईंचं म्हणणं, पाठ झालेलं बदलू नको, परीक्षक गोंधळतात. झालंही तसंच. एका परीक्षकांनी ‘तथ्याची चूक’ म्हणून गुण कापले. तिला उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं बक्षीस टरफलांना.

मी डोंबिवलीला फोन केला. वकिलांच्या नातवाला, तेही आता सत्तरीचे, सहज विचारलं की घरात कुठे सुटा अंक आहे का. कापल्याचं सांगितलं तेव्हा ते एकदम तापले. “आमचे आजोबा टिळकभक्त होते बाई, ते असलं करतील?” मी म्हटलं, भक्त होते म्हणूनच फाईल राहिली. ते त्यांना पटलं नसावं. काही दिवसांनी त्यांचाच फोन आला, ती फाईल परत मिळेल का म्हणून. दाखलनोंदवहीत चढलेली वस्तू परत देता येत नाही, असं मी सांगितलं. तसा नियम आहेच. नसता तरी मी तेच सांगितलं असतं.