ऐकणाऱ्याला कुणी विचारलं?

टॅक्सीवाल्या काकांनी रेडिओच्या बटणांखाली पांढरी चिकटपट्टी लावलीय. तिच्यावर बॉलपेनने ९२.५ खोडून ९४.३ केलंय. शेजारी 'इं', मग 'हिं', मग पुन्हा 'इं'.

मी वाचतेय हे बघून म्हणाले, "ताई, स्टेशन तेच हो. गाणी मात्र बदलत राहिली. ऐकणाऱ्याला कुणी विचारलं?"

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

२००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम सुरू झालं, तेव्हा 'गो ९२.५' वर इंग्रजी गाणी लागायची. पुढे त्याचं 'रेडिओ वन' झालं, नंबर ९४.३ झाला, गाणी हिंदी झाली. काही वर्षांनी परत इंग्रजी.

यामागे नुसती आवडनिवड नव्हती. सुरुवातीला मुंबईत एकेका स्टेशनला वर्षाला ९.७५ कोटींची लायसन्स फी होती, वर दरवर्षी १५ टक्के वाढ! २००५ च्या धोरणाने ती पद्धत बदलली. एकदाच प्रवेश शुल्क आणि मग उत्पन्नाच्या ४ टक्के. स्टेशनं वाढली आणि बहुतेक सगळी हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे लागली, कारण जाहिरातदार तिथेच. त्या गर्दीत वेगळं उठून दिसायचं तर इंग्रजीकडे वळणं आलंच.

हिशेब कळतो मला. पण मराठी गाण्याची पाळी कधी यायची? आमची आई मराठी ऐकायचं म्हणून आकाशवाणीची अस्मिता वाहिनीच लावायची, आणि ते मला आजही खुपतं.

तुमच्या गावात दिवसभर मराठी गाणी लावणारं खासगी स्टेशन आहे का? कोणतं?